पहाऱ्याची नोकरी : राजगडाच्या दरवाजापासून सायबर सुरक्षेपर्यंत

भोरचा राजवाडा अनेकांनी प्रत्यक्ष पाहण्याआधी सिनेमात पाहिलेला असतो. त्या वाड्याच्या धन्यांची पदवी होती 'पंतसचिव'. आज सचिव म्हटलं की मंत्रालयातला बडा अधिकारी आठवतो, नाहीतर आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, अष्टप्रधानांची कामं ठरली, आधीच्या 'सुरनीस' या पदाला 'सचिव' हे नाव मिळालं. तेव्हा या पदाचं काम फार नेमकं होतं. सरकारातून निघणारी पत्रं वाचायची, एखादं अक्षर कमी-जास्त झालं असेल तर शुद्ध करायचं, महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचे आणि सगळं बरोबर असल्याची खूण पत्रावर करायची.

राजाच्या नावानं जे कागद बाहेर पडतात ते खरे आहेत, मध्ये कुणी त्यांत फेरफार केलेला नाही, याची जबाबदारी या माणसावर होती. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले. भोरजवळ आंबवड्याला त्यांची समाधी आहे. त्यांच्या वंशजांचं भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. कागद तपासण्याच्या कामावरून ज्याच्या राजांना पदवी मिळाली असं हे संस्थान.

मी सायबर सुरक्षेच्या कामात आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यातली मुलं भेटली की ठरलेला प्रश्न येतो, "यात नोकरी कशी लागते?" बोलता बोलता लक्षात येतं, की हे काम अंधाऱ्या खोलीत हिरव्या अक्षरांकडे बघत बसलेल्या कुणा जादूगाराचं आहे आणि आपल्या खोऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही, असं त्यांनी धरलेलं असतं. मला मात्र या दोन तालुक्यांचा इतिहास वाचताना हेच काम पानोपानी दिसतं. ते कसं चालायचं, कुणाला मिळायचं आणि कुणाचं गेलं, हे पाहिलं तर आजच्या नोकरीचा रस्ताही बराच उलगडतो.

शिक्का आणि मोर्तब

'शिक्कामोर्तब झालं' असं आपण सहज म्हणतो. हे मुळात दोन वेगळे ठसे. पत्राच्या माथ्यावर उमटतो तो शिक्का. हे पत्र कुणाचं, ते तो सांगतो. मजकूर संपतो तिथे उमटते ती मोर्तब. इथे लिहिणं थांबलं, असं ती सांगते. तिच्याखाली कुणी एखादी ओळ घुसडली, तर ती आपोआप संशयास्पद ठरते.

वतनाच्या भांडणांत खोटे कागद करणं ही त्या काळातली नेहमीची कटकट होती. मावळातल्या देशमुख-देशपांड्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कागद जपले गेले, कारण जमीन आणि मान दोन्ही त्या कागदावर टिकून होते. कागद खोटा ठरला की वतन गेलं.

आज आपण फाइलवर डिजिटल सही करतो तेव्हा हीच दोन कामं होतात. सही कुणाची आहे हे कळतं आणि सहीनंतर मजकूर बदललेला नाही हेही कळतं. त्यासाठी फाइलचा 'हॅश' काढतात. हॅश म्हणजे गणितानं काढलेली छोटीशी ओळख. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. भारतात या सहीला कायद्याची मान्यता मिळाली ती २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं. सुरनिसाची नजर जे करायची ते आता गणित करतं. पण कुठल्या कागदाला सही लागेल, किल्ली कुणाकडे राहील, ती हरवली तर काय, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं. त्या ठरवण्याचा पगार मिळतो.

एका गडाला तीन अधिकारी

वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणायचं. नाव ज्याच्यावरून घेतलं तो गड सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी होता. ट्रेकला गेलेल्यांनी सगळं पाहिलेलं असतं, फक्त सुरक्षेच्या नजरेनं पाहिलेलं नसतं. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, मध्ये उंचावर बालेकिल्ला. एक माची पडली म्हणून गड पडत नाही. संजीवनी माचीला चिलखती तटबंदी आहे. बाहेरची भिंत फोडून शत्रू आत आला तर पुढे दुसरी भिंत, आणि दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत तो सापडतो. पाली, गुंजवणे, अळू हे दरवाजे आणि पद्मावती माचीवरचा चोरदरवाजा. सायबर सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांत हेच सांगितलेलं असतं : एकाच भिंतीवर विसंबू नका, आत शिरलेल्याला मोकळं फिरू देऊ नका आणि आपल्याला दरवाजे किती आहेत ते मोजून ठेवा.

भिंतींपेक्षा मला गडावरच्या माणसांची रचना जास्त विचार करायला लावते. सभासदाच्या बखरीत ती दिली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे एका दर्जाचे तीन अधिकारी. कारभार तिघांनी मिळून करायचा. धान्य आणि सामान कारखानिसाकडे. किल्ल्या आणि दरवाजे हवालदाराकडे, गस्त आणि पहारे सरनोबताकडे, हजेरी आणि लिखापढी सबनिसाकडे. एकट्याच्या मनात आलं म्हणून गड शत्रूला देता येऊ नये, अशी ही बांधणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडांवरच्या अधिकाऱ्यांची निवड आणि बदल्या यांचा काळजीपूर्वक विचार आहे. एकाच जागी फार वर्षं राहिलेल्या माणसाचे लागेबांधे तयार होतात, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

आज बँकेत मोठी रक्कम पाठवताना एक जण नोंद करतो आणि दुसरा मंजुरी देतो. कंपनीत कोड लिहिणारा वेगळा आणि तो चालू करणारा वेगळा. कुणी कधी काय उघडलं याची नोंद तिसऱ्याच ठिकाणी. या व्यवस्था आखणं, त्या खरोखर पाळल्या जातात का ते तपासणं, हा सायबर सुरक्षेतल्या नोकऱ्यांचा मोठा हिस्सा आहे. त्यात कोडिंग थोडं आणि शिस्त फार लागते. बहुतेक मुलांना नोकऱ्यांचा हा हिस्सा माहीतच नसतो.

दोन देशमुख, एक फर्मान

१६५९ साली अफजलखान स्वारीवर निघाला. जून महिन्यात आदिलशाही दरबारातून मावळातल्या देशमुखांना फर्मानं आली. मतलब असा, की खानाला येऊन मिळा, नाहीतर परिणाम भोगा. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे यांनाही असं फर्मान आलं. ते ते घेऊन मुलांसह राजगडावर गेले आणि शिवाजी महाराजांपुढे ठेवलं. याच भागातल्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले.

दोघांवर आलेला दबाव सारखाच होता. वतन जाण्याची भीती, वर बक्षिसाची आशा. आज आपल्या मोबाइलवर येणाऱ्या फसव्या मेसेजात हीच दोन औषधं घोटलेली असतात. 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तोडलं जाईल', नाहीतर 'तुम्हाला लॉटरी लागली'. फर्मान अर्थात खरं होतं, खोटा मेसेज नव्हता. तरी कान्होजींनी जे केलं ते प्रत्येक कंपनी आज कर्मचाऱ्यांना शिकवते. संशयास्पद काही आलं तर लपवू नका, मनातल्या मनात ठरवू नका, ताबडतोब वरती दाखवा. दाखवणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असा विश्वास असला तरच माणसं दाखवतात. कान्होजींना राजगडाची वाट धरावीशी वाटली यात त्यांची निष्ठा दिसते, तशीच त्या दरबाराची ख्यातीही.

गड कसे गेले

१७०४ साली औरंगजेब स्वतः या खोऱ्यांत होता. त्याआधीच्या काही वर्षांत त्यानं साताऱ्यापासून सिंहगडापर्यंत एकेक गड घेत आणला होता, आणि त्यातले बरेचसे वाटाघाटी करून, किल्लेदाराला पैसे चारून. तट तसाच उभा असायचा, आतला माणूस फुटलेला असायचा. राजगड दोनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर फेब्रुवारीत गेला. मार्च महिन्यात तोरण्यावर मात्र रात्री दोराच्या शिड्या लावून अमानुल्लाखानाची माणसं चढली. या मोहिमांत बादशहानं निव्वळ लढून घेतलेला गड म्हणून तोरण्याचं नाव घेतलं जातं.

सुरक्षेच्या कामातली जुनी माणसं नव्यांना हेच सांगतात. तुमच्या यंत्रणेवर शिडी लावून चढणारा क्वचित येतो. बहुतेक वेळा पासवर्ड कुणीतरी फोनवर सांगितलेला असतो, नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं बंद करायचं राहिलेलं असतं किंवा सामान पुरवणाऱ्याला दिलेला प्रवेश कुणी काढून घेतलेला नसतो. म्हणून या क्षेत्रात माणसं ओळखणाऱ्याला, समजावून सांगू शकणाऱ्याला आणि कंटाळा न करता याद्या तपासणाऱ्याला जागा आहे.

पहारा काढून घेतला तेव्हा

गडाच्या इतिहासात राजे आणि सरदार दिसतात. घेऱ्यातली माणसं दिसत नाहीत. गडाच्या पायथ्याशी चौक्या असत, त्यांना मेटं म्हणत. तिथे रामोशी, महार, बेरड अशा समाजांतली माणसं रात्रंदिवस जागी असत. वर जाणारा पहिल्यांदा त्यांना दिसायचा. गावातही चोरीचा माग काढायचा तो रामोशानं. माग लागला नाही तर जाबही त्यालाच विचारला जायचा.

ही नोकरी जन्मानं मिळायची. वरची पदंही जातीनुसार वाटलेली होती, सभासद ते स्पष्ट सांगतो. वेगवेगळ्या जातींचे अधिकारी सहजासहजी संगनमत करणार नाहीत, असा हिशेब त्यामागे असेलही. पण मेटावर जागणाऱ्याच्या मुलानं सबनीस व्हावं, अशी वाट त्यात नव्हती.

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांना डोंगरी किल्ल्यांची गरज नव्हती, भीती मात्र होती. शिबंदी मोडली. भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातल्या भिवडी गावचे उमाजी नाईक यांच्या घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या पहाऱ्याचं काम होतं. तो हक्क गेला आणि त्याबरोबर उत्पन्नही. पिढ्यान्‌पिढ्या एकच कौशल्य असलेल्या माणसांचं काम एका राजवटीच्या निर्णयानं संपलं. उमाजींचं बंड पुढे इंग्रजांना कित्येक वर्षं पुरलं, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. बंडाची कारणं अनेक होती. त्यातलं एक कारण बेकारी हे होतं, आणि ती पहारेकऱ्यांची बेकारी होती.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की सुरक्षेची गरज कधीच संपत नाही. पहाऱ्याची जागा बदलते, हत्यार बदलतं, आणि ज्यानं नवं हत्यार हातात घेतलं नाही तो बाहेर राहतो. हत्यार हातात घ्यायची मुभा कुणाला आहे, हा प्रश्न मात्र प्रत्येक काळात नव्यानं उभा राहतो.

फ्लॉपीतून आलेला रोजगार

नवं हत्यार पुण्यात आलं ते नव्वदच्या दशकात. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीपर्यंत शिकलेले. रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले आणि लक्षात आलं, की कित्येक संगणक बिघडलेले नसतात, फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसनं आजारी पडलेले असतात. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. त्यानं व्हायरस काढणारी साधनं लिहिली, आणि १९९५ च्या सुमारास त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात गेली. या कथेतलं यश सगळे सांगतात. मला त्यातली सुरुवात जास्त कामाची वाटते : दुरुस्तीच्या टेबलावर रोज तोच तोच बिघाड पाहणारा माणूस आणि त्या बिघाडाचं मूळ शोधणारा माणूस.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या यंत्रणेकडे जाते आणि खातं तपासून होकार येतो. चोरांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली. मागणी खऱ्या तपासणीपर्यंत पोचतच नव्हती, खोटी यंत्रणा परस्पर 'हो' म्हणत होती. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत भारतासह २८ देशांमधल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. सचिवाला वगळून कुणीतरी थेट शिक्का मारत सुटावं, तसा हा प्रकार.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट जाहीर केली. २०१९ च्या अखेरीस ती आणखी विस्तारली. २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं सांगितलं, की सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत आम्हाला कळवा आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपा. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या प्रत्येक नियमामागे काम करणारा कुणीतरी लागतो. नोंदी जपणारा, त्या वाचणारा, सहा तासांत अहवाल लिहिणारा, वर्षाअखेरी तपासणी करणारा. नोकऱ्या तयार होतात त्या अशा. आधी चोरी, मग नियम, मग माणसं.

आता नोकरीचं

तर, यात नोकरी कशी लागते?

जवळपास सगळे मेटावरून सुरुवात करतात. कंपन्यांमध्ये चोवीस तास चालणारा सुरक्षा कक्ष असतो, त्याला सॉक म्हणतात. पहिल्या पायरीचा विश्लेषक पाळ्यांमध्ये बसून पडद्यावर येणारे इशारे तपासतो. शेकडो इशाऱ्यांत एखादा खरा असतो. काम थकवणारं आहे, रात्रपाळी आहे, पण शिकायला यासारखी जागा नाही. दुसरी वाट संगणक दुरुस्ती, हेल्पडेस्क, नेटवर्कची देखभाल इथून जाते. शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत अशी कामं असतात, आणि ती केलेला मुलगा सुरक्षेत आला की पुस्तकी मुलापेक्षा लवकर रुळतो, असा माझा अनुभव आहे. तिसरी वाट तपासणीची, म्हणजे ऑडिटची. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी तिच्याकडे जरूर पाहावं.

शिकायचं काय? आधी नेटवर्क. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान उघडेपर्यंत काय काय घडतं, हे मुलाखतीत हमखास विचारतात. मग लिनक्स, मग नोंदी वाचणं, मग थोडं पायथन. एनपीटीईएल आणि सिस्को नेटवर्किंग अकादमीवर बरंच काही फुकट आहे. पदवीनंतर पद्धतशीर शिकायचं असेल तर पुण्याच्या सीडॅकमध्ये यंत्रणा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. आणि लिहिणं. काय घडलं, कधी घडलं, आपण काय केलं, हे दहा ओळींत स्वच्छ लिहिता येणारा माणूस इथे पटकन डोळ्यांत भरतो. अहवाल बहुधा इंग्रजीत लागतो, पण ते इंग्रजी साधं असलं तरी चालतं. सबनिसाचंच काम आहे ते.

टाळायचं काय? 'तीन महिन्यांत हॅकर व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी' अशा पाटीला लाखभर रुपये देणं. हमी देणाऱ्याला मागच्या तुकडीतल्या चार जणांचे फोन नंबर मागा, उत्तर लगेच कळेल. दुसरं म्हणजे परवानगीशिवाय कुणाच्याही यंत्रणेत डोकावणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉलेजची वेबसाइट 'सहज' उघडून दाखवणाऱ्याला कुणी किल्ल्या देत नाही. नेमणुकीआधी कंपन्या पूर्वेतिहास तपासतात, तेही आज्ञापत्राच्या काळाइतकंच जुनं आहे.

जन्मानं मिळणारी ही नोकरी आता शिकून मिळते, हे खरं आहे. पण लॅपटॉपची किंमत, पुण्यातलं खोलीभाडं, डोंगराआड जाणारी रेंज, रात्रपाळीला मुलीला पाठवायला कचरणारं घर, हे दरवाजेही आहेतच, आणि ते उघडल्याचं नाटक करण्यात अर्थ नाही. ज्याला शक्य आहे त्यानं लगेच हिंजवडीकडे धाव न घेता सुरुवात जवळून करावी. भोरमध्ये, वेल्ह्यात पतसंस्था आहेत, दूध संस्था आहेत, ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या संगणकावरही लोकांचे पैसे आणि लोकांची माहिती असते. तिथल्या चेअरमनना भेटून लेखी परवानगी घ्या आणि तीनच गोष्टी तपासून द्या : काम सोडून गेलेल्यांची खाती बंद आहेत का, रोजच्या माहितीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली जाते का, आणि पैसे फसवून नेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा हे काउंटरवरच्या माणसाला माहीत आहे का. जे सापडेल ते एका पानावर लिहून त्यांच्या हाती द्या. कुणाचीही गुपितं उघड न करता, आपण काय काम केलं एवढं बायोडेटात पहिल्या ओळीत लिहा. मुलाखत घेणाऱ्याच्या जागी मी असलो, तर प्रमाणपत्रांच्या यादीआधी मी ती ओळ वाचेन.